आईची खोली: दक्षिणेच्या भिंतीवर चार इंच सापडले!

मंडळी, कपाटाचा तिढा सुटला! मागच्या नोंदीपर्यंत आईचं लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीलाच अडून बसलं होतं. आता ते दक्षिणेला जातंय, आणि त्यासाठी खोलीतली एकही वस्तू काढावी लागत नाहीये.

थोडी उजळणी. खोली ११ बाय १० फूट. उत्तरेला गॅलरीचं दार आणि त्याला जोडून खिडकी, पूर्वेला मोठी खिडकी, पश्चिमेच्या भिंतीच्या उत्तर टोकाला बाथरूम, आणि खोलीचं दार दक्षिणेच्या भिंतीत, पश्चिमेच्या कोपऱ्याजवळ. म्हणजे ७८ इंच उंच कपाट टेकवायला पश्चिम आणि दक्षिण या दोनच भिंती. पश्चिमेला ठेवलं की खोलीत शिरताच समोर कपाटाची कड येते. धडधाकट माणूस वळसा घालून जाईल, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई वॉकर घेऊन येणार आहे. वॉकर २५ इंच रुंद, वळायला लागणारी जागा वेगळीच. दारापासून बाथरूमपर्यंत ३६ इंचांचा सरळ रस्ता मोकळा पाहिजे, या अटीवरून मी हलणार नाही.

आता दक्षिणेची भिंत. एकूण १३२ इंच. पश्चिमेचा कोपरा आणि दार मिळून ३४. दार पूर्ण उघडून भिंतीला टेकलं की पल्ला आणखी ३० इंच झाकतो. पूर्वेच्या कोपऱ्यात सिंगल पलंग, ३६. उरतात ३२, आणि कपाट ३६. या चार इंचांनी माझी झोप उडवली होती.

पलंग फिरवा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलं. उत्तरेला डोकं करून आई झोपणार नाही, आणि तिच्या खोलीत तिच्या मनाविरुद्ध पलंग मांडायचा नाही हे माझं ठरलेलं आहे. उशी दक्षिणेलाच राहणार. पूर्वेला उशी करून पलंग आडवा लावला तर तो दक्षिणेची निम्म्याहून जास्त भिंत घेतो आणि कपाट पुन्हा पश्चिमेला जातं. सुतारकाकांचं म्हणणं, लोखंडी कपाट विका, नवीन वॉर्डरोब करून देतो. पण वॉर्डरोब २४ इंच खोल, हे कपाट १९. हँगरला खोलपणा लागतो हे खरं, पण आईच्या साड्या घडी करूनच ठेवलेल्या असतात. पाच इंच जास्त जागा अडवणारी वस्तू पैसे मोजून कशाला आणायची? शिवाय तिच्या सगळ्या चाव्या, सगळे कप्पे तिला अंधारातही पाठ आहेत.

वाट सापडली ती नकाशात. मी एरवी ग्राफपेपरवरच काम करते, एक इंचाला एक फूट, आणि वस्तूंचे तुकडे जुन्या लग्नपत्रिकांचे. तो पुठ्ठा कडक असतो, कडा सरळ कापल्या जातात. यावेळी तेच सगळं स्वीट होम थ्रीडी या घराचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवलं. त्यात दार बसवलं की ते उघडण्याचा कंस जमिनीवर आखलेला दिसतो. माझ्या कागदावर दार म्हणजे भिंतीतली नुसती फट होती. पडद्यावर तो कंस खोलीच्या ऐन मोक्याच्या जागेवर पसरलेला पाहिला आणि सुचलं: फर्निचर कशाला हलवायचं, दाराचा हात, म्हणजे बिजागऱ्यांची बाजू, बदलूया!

जुन्या इमारतींत बेडरूमच्या दाराच्या बिजागऱ्या बऱ्याचदा खोलीच्या मधल्या बाजूला असतात. दार किलकिलं केलं तरी आतला पलंग एकदम दिसत नाही, म्हणून ही पद्धत. आईला मात्र दार उघडंच हवं असतं, हाक ऐकू यावी म्हणून. बिजागऱ्या कोपऱ्याकडच्या बाजूला नेल्या की पल्ला पश्चिमेच्या भिंतीला लागून उभा राहतो. त्या भिंतीवर आता काहीच नाही. दक्षिणेचे ३० इंच सुटतात! कोपरा आणि चौकट यांच्यात ४ इंच भिंत आहे, हँडल अडीच इंच बाहेर येतं, त्यामुळे दार काटकोनात पूर्ण उघडतं.

सुतारकाकांना विचारलं. त्यांनी पल्ला निरखला आणि म्हणाले, "ताई, फ्लश डोअर आहे, उलटं करून लावू." फ्लश डोअर म्हणजे दोन्हीकडून सपाट पल्ला. वरची बाजू खाली केली की बिजागऱ्यांची कड आपोआप दुसऱ्या बाजूला येते, खोलीकडचा चेहरा तोच राहतो. पल्ला ७८ इंच, कुलूप जमिनीपासून ३८ वर. उलटल्यावर ते ४० वर येईल. हा दोन इंचांचा हिशोब जमला तेव्हा मला अतोनात आनंद झाला. चौकटीतल्या जुन्या खाचा सागाच्या तुकड्यांनी भरायच्या, नव्या खाचा घ्यायच्या. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, ४ इंची, तीन. जवळच्या दुकानात पातळ पत्र्याच्या मिळत होत्या, त्या नाकारल्या. भवानी पेठेत जाऊन जड बघूनच आणल्या. दाराच्या बाबतीत बिजागरीवर पैसे वाचवू नयेत हे माझं ठाम मत आहे.

खरी परीक्षा वर्तमानपत्रांची. पलंग, कपाट, उघडलेली कपाटाची दारं, सगळ्यांच्या मापाचे कागद जमिनीवर पसरून उसना वॉकर घेऊन दारापासून बाथरूमपर्यंत चालले. एकही कागद हलला नाही.

मग दिव्याचं बटण आठवलं. बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर आहे, म्हणजे नव्या मांडणीत तो उघड्या दारामागे जाणार. दिवा लावायला आईने दार लोटायचं, हे चालणार नाही. म्हणून कपाट चौकटीला न चिकटवता १० इंच सोडून लावायचं आणि त्या पट्टीत नवा बोर्ड. पश्चिमेच्या कोपऱ्यापासून मोजलं तर कपाट ४४ ते ८०, पलंग ९६ पासून, मध्ये १६ इंच. आमचा १५ इंची टीपॉय तिथे बसतो, मापून पाहिला. त्याच्या वर पलंगावरून हात पोचेल असा टू-वे स्विच, म्हणजे तोच दिवा दोन्हीकडून लावता-विझवता येईल. भिंत फोडायची नाही, भिंतीवरून जाणाऱ्या केसिंग पट्टीतून वायर नेईन. पट्टी दिसेल, दिसू दे.

हे लिहिता लिहिता शिलाई मशीनचं सुचलं. ते हॉलमध्ये ठेवायचं ठरलं होतं ना? पण पलंगाच्या पायथ्याशी ४४ इंच आहेत आणि मशीन ३६. पूर्वेच्या भिंतीला लावलं तर गॅलरीचा उजेड डावीकडून येतो, आणि सुई डावीकडेच असते. मोटर बसवलेली आहे, त्यामुळे गुडघ्यालाही ताण नाही. फक्त स्टूल मागे सरकवल्यावर रस्ता किती उरतो ते आधी कागद पसरून पाहणार. हॉलचा आराखडा त्यामुळे पुन्हा मोकळा झाला, त्या कोपऱ्यात आता पुस्तकांचं शेल्फ येऊ शकेल.

रविवारी पल्ला उतरवतोय. खालची कड बाथरूमच्या बाजूच्या ओलीने भुसभुशीत झालेली निघाली, तर उलटल्यावर ती वर जाईल आणि वरची बिजागरी तिथे धरणार नाही. मग लाकडी लिपिंग, म्हणजे पल्ल्याच्या कडेची पट्टी, बदलावं लागेल. कुणी जुन्या फ्लश डोअरचं लिपिंग बदललं असेल, तर कुठला गोंद वापरला ते रविवारच्या आत सांगा.