काळ्या मातीत टायरचा कस

आज पाऊस उघडल्यावर पांदण रस्त्यावर पुन्हा तेच दिसलं. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचा बुजवून टाकते. मग चांगला टायरही गुळगुळीत. म्हणून मोटारसायकलला ५०/५० टायर (निम्मा डांबरासाठी, निम्मा कच्च्या रस्त्यासाठी) घेताना त्यावरच्या रबरी गाठींच्या उंचीआधी दोन गाठींमधली मोकळी जागा बघा. जागा रुंद असली की चाक फिरताना चिखल झटकला जातो.

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ मोटारसायकलला पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७ मापाचा टायर बसतो. बसवल्यावर चाक हाताने फिरवून मडगार्डला घासतं का पाहा. चिखल साचून चाक जाम होतं ते तिथंच. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेनेच हवा. टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडेही वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

चिखलात हवा नेहमीपेक्षा ५-६ पीएसआय कमी. फारच उतरवली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटतो. डांबरावर आलात की लगेच भरा, कमी हवेचा टायर आपल्याकडच्या उन्हात फार तापतो.

बाभळीचा काटा कुणालाच सोडत नाही, सुटी ट्यूब आणि टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची पट्टी) सोबत ठेवाच. वावरात क्वचितच जाणं होत असेल तर ८०/२० (बहुतेक डांबरासाठीचा) घ्या, जास्त टिकतो.