कोथिंबीर कशी दिली?

पथारीवाल्यांच्या सर्वेक्षणाला एकाच जागेवर दोनदा जावं लागतं. सकाळी जिथे फुलवाला असतो, तिथेच सातनंतर भुर्जीची गाडी लागते. दुपारी गेलात तर मोकळा फुटपाथ. टेपने जागा मोजायची, फोटो, आधार, शेवटी अंगठा. अंगठा म्हणजे छळ. लसूण सोलून आणि ओल्या जुड्या बांधून बायकांच्या बोटांवरच्या रेषा पार गेलेल्या असतात. मी पर्समध्ये कोरडं फडकं ठेवते. बोट पुसायचं, जरा थांबायचं, अंगठा नाहीच लागला तर मधलं बोट. माझी मशीन सहसा रिकाम्या हाताने परतत नाही, एवढं मी छातीठोक सांगते.

त्या दिवशी मंडईजवळ, विक्री प्रमाणपत्रावर ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून पथारीमागे उभे होते. अंगठा पहिल्या फटक्यात लागला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने विचारलं, "कोथिंबीर कशी दिली?"

गृहस्थांनी शेजारच्या मावशींकडे पाहिलं.

"वीस," मावशी जुडी झटकत म्हणाल्या.

2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार धंदा स्वतः किंवा घरच्यांनी करायचा, जागा भाड्याने द्यायची नाही. "मावशी, हे कोण तुमचे?" मी विचारलं. "दीर," त्या खाली बघूनच म्हणाल्या. गृहस्थ चहाला गेल्यावर खरं बाहेर आलं. "रोजचे दोनशे देते, ताई. खरं लिहिलंत तर त्यांचं सर्टिफिकेट जाईल, आणि मी पण उठेन."

खरं तर प्रत्यक्ष बसणारीलाच मोजायला हवं. सर्वेक्षणात सापडलेल्या प्रत्येकाला, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत, सामावून घ्या असं कायदाच म्हणतो. पण आमच्या अ‍ॅपमध्ये एका जागेला एकच नाव. ते बनवणारा कधी भाजी आणायला तरी गेला असेल का, शंकाच आहे. याच कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य विक्रेते हवेत, त्यांतल्या एक तृतीयांश बायका. त्यांना निवडून देणार कोण? ज्याचा अंगठा लागला तो.

सुपरवायझर म्हणाले, "'स्वतः विक्री करतो'ला 'होय' करा आणि पुढे चला. शेरा कुणी वाचत नाही."

निघताना मावशींनी हात पुढे केला. "माझा लागतो का बघा तरी." फडक्याने पुसलं, थांबले. चौथ्या वेळेला मधलं बोट लागलं. सेव्ह करायला रकाना नव्हता.

'स्वतः विक्री करतो का' यापुढे मी अजून काहीच भरलेलं नाही. फॉर्म मोबाइलवर 'अपूर्ण' दिसतोय. मुदत शुक्रवारपर्यंत आहे.