दहा दिवसांत गाडीने किती देश होतील?

मी म्युनिकमध्ये राहतो. उन्हाळा जवळ आला की पुण्याहून, नाशिकहून, क्वचित दुबईहूनही एकच विचारणा येते : 'आम्ही दहा दिवसांसाठी येतोय. तिथून गाडी भाड्याने घेतली तर किती देश होतील?' तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

पॅरिस, झुरिक, व्हेनिस, व्हिएन्ना ही शहरे गाडीने जोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. रेल्वे तुम्हाला या शहरांत थेट नेऊन सोडते, तर गाडीवाला पार्किंग शोधण्यातच निम्मी दुपार घालवतो. इटलीतल्या जुन्या शहरांत तर बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले झेडटीएल विभाग असतात. तिथे नकळत शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो, भाड्याची कंपनी तुमचे नाव-पत्ता कळवून त्याचे वेगळे शुल्क कापते आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी, फोटो पाहून झाल्यावर, घरी येतो. गाडी घ्यायची ती रेल्वे पोहोचत नाही तिथे जाण्यासाठी. म्हणून मी घाटांची वाट सुचवतो : म्युनिकहून ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनर घाट, तिथून स्लोव्हेनियातली वर्शिच खिंड, मग सोचा नदीच्या काठाने खाली उतरत इटलीच्या सीमेवरचे नोव्हा गोरित्सा. सारी फेरी साधारण हजार किलोमीटरची आहे, म्हणजे दिवसाला सरासरी शंभर. हा आकडा ऐकून बहुतेकांची निराशा होते, पण घाटात शंभर किलोमीटर पुष्कळ होतात.

ग्रोसग्लोकनरचा रस्ता 1935 साली खुला झाला. सुमारे 48 किलोमीटर लांबी, 36 तीव्र वळणे आणि अडीच हजार मीटरपर्यंतची चढण असूनही, आंबेनळी घाटात गाडी चालवलेल्या माणसाला तो सोपाच वाटेल. मात्र उतारावर ब्रेकवर विसंबून न राहता गिअर खालचा ठेवण्याची आपली सवय इथेही सोडू नये. हा रस्ता साधारणपणे मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच खुला असतो आणि त्याचा टोल चाळीस युरोंच्या पुढे आहे. तेवढे पैसे देऊन नुसते पलीकडे उतरून जाणे हा वेडेपणा होय. मुख्य रस्त्यापासून एक फाटा पास्टर्झे हिमनदीच्या समोर जातो. ऑस्ट्रियातली ही सर्वांत मोठी हिमनदी वर्षागणिक मागे सरत चालली आहे, त्यामुळे तिथे निदान दोन तास राखून ठेवावेत.

वर्शिच खिंड उंचीने लहान, 1611 मीटरची, पण मला ती अधिक जवळची वाटते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याला इटलीविरुद्धच्या आघाडीपर्यंत रसद नेण्यासाठी हा रस्ता हवा होता आणि तो रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेण्यात आला. मार्च 1916 मध्ये हिमकडा कोसळून त्यांतले कित्येक जण गाडले गेले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले लाकडी रशियन चॅपल वळणांच्या मध्येच, झाडीत आहे. क्रान्स्का गोरा गावाच्या बाजूने चढताना वळणांवर अजून दगडी फरसबंदी आहे. तिथे चाकांचा आवाज बदलला की आपण कोणाच्या श्रमावरून चाललो आहोत, हे मला दर वेळी आठवते. खिंडीपलीकडे सोचा नदी सुरू होते, आणि तिचा रंग फोटोत वाढवून दाखवलेला नसतो. हीच नदी इटलीत इझोन्झो होते. 1915 ते 1917 या काळात तिच्या काठावर बारा लढाया झाल्या आणि त्यांतल्या शेवटच्या लढाईत इटलीची आघाडी कोबारिद गावाजवळ फुटली. कोबारिदचे युद्धसंग्रहालय लहान आहे, पण ते पाहिल्याशिवाय या दरीतून पुढे जाऊ नये.

नोव्हा गोरित्सा पाहून काही जण 'इथे काय आहे?' असे विचारतात. इथे सीमा आहे. 1947 च्या करारानंतर गोरित्सिया शहर इटलीकडे राहिले आणि त्याचे रेल्वे स्थानक युगोस्लाव्हियाच्या बाजूला गेले, म्हणून युगोस्लाव्हियाने पलीकडे नवे शहरच वसवले. स्थानकासमोरच्या चौकातून कुंपण गेले होते. स्लोव्हेनिया 2004 मध्ये युरोपीय संघात आला तेव्हा ते काढण्यात आले आणि आता तिथे जमिनीत बसवलेली एक गोल खूण आहे. 2020 च्या साथीत काही काळ पुन्हा कुंपण उभे राहिले होते. (स्थानक आहे म्हणजे इथे रेल्वे येते, हे मान्य, पण वरच्या दोन घाटांतून ती येत नाही.)

आता कागदपत्रे. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे मागायचा. त्यामुळे रात्री आधी मोजा, अर्ज नंतर करा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. शेंगेनमध्ये तपासणी नसते असे गृहीत धरून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकू नका, कारण जर्मनीने ऑस्ट्रियाच्या आणि इटलीने 2023 पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केलेली आहे. भाडेकरारात कोणकोणत्या देशांत गाडी न्यायला परवानगी आहे ते लेखी पाहा, आणि गाडी जिथून घेतली तिथेच परत करा. मी एकदा ती दुसऱ्या देशात सोडली, तेव्हा सोडण्याचे शुल्क आठवड्याच्या भाड्याहून जास्त झाले होते. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी व्हिन्येट (ठरावीक मुदतीचा टोल-पास) लागते, परंतु परतीच्या वाटेवरच्या टाउअर्न महामार्गावरील बोगद्यांचा टोल त्यात धरलेला नसतो. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी तर त्या महामार्गावर जाऊच नका. निम्मा जर्मनी त्याच दिवशी समुद्रावरून घरी परतत असतो.

आणि देश मोजायचेच असतील तर चार होतात. त्यांतल्या इटलीत तुम्ही चौक ओलांडून जेवायला जाल, एवढेच.