शाळा असती तर ती पोरं जंगलात गेली नसती का?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि सारखंच विचारता म्हणून, एकदा बसून लिहितो. पुण्यात कुणाच्या लग्नाला जा नाहीतर नागपूरला दवाखान्याच्या रांगेत बसा, मी गडचिरोलीत भामरागडकडे 19 वर्षं मास्तर होतो हे कळलं की प्रश्न येतोच, "तिकडे शाळा वेळेवर पोचल्या असत्या तर ही पोरं नक्षल्यांत गेलीच नसती ना गुरुजी?" मी हो म्हणावं एवढीच अपेक्षा असते.

मी पण आधी हो म्हणायचो. आता म्हणवत नाही.

एकतर माझ्या गावात शाळा होती. पहिली ते चौथी, दोन खोल्या, खिचडी शिजायची. आणि ज्यांनी ही नक्षल चळवळ उभी केली, चालवली ते काय अडाणी होते का? पीपल्स वॉर ही नक्षली संघटना काढणारे कोंडापल्ली सीतारामय्या स्वतः शिक्षक होते, 2025 च्या मे महिन्यात मारला गेलेला माओवाद्यांचा प्रमुख बसवराजू वारंगलला इंजिनिअरिंग शिकलेला. दलममध्ये, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकडीत, मैलोनमैल चालायला, मरायला मात्र आमची माडिया आदिवासी पोरं. मग शाळा कमी पडली म्हणायचं की जास्त झाली? आणि भाषेचं तर विचारूच नका, मी पहिल्या दिवशी फळ्यावर 'पाणी' लिहिलं आणि वर्ग गप्प, कारण त्यांच्या घरात पाण्याला 'एर' म्हणतात हे मला डीएडला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण खरं सांगायचं तर माझं मत या वादानं बदललं नाही, एका पोरानं बदललं. नाव सांगत नाही.

2004 ला तो चौथी पास झाला. वाचन असं की मोठी माणसं कागद आला की त्याच्याकडे घेऊन यायची. पाचवीसाठी तीस किलोमीटरवर आश्रमशाळा, राहूनच शिकायचं. बाप नाही म्हणत होता, गुरं कोण राखणार. मी तीन संध्याकाळी त्याच्या अंगणात बसलो, मीच पटवलं, टीसी पण मीच हातोहात नेऊन दिली. दिवाळीच्या आधीच पोरगं पायी परत आलं. अंगभर खरूज, आणि माडिया बोललं की छडी, पाठ दाखवली त्यानं मला. मी काय केलं, तर त्याला गाडीवर मागे बसवलं आणि परत नेऊन सोडलं. म्हटलं, "सवय होईल." हे दोन शब्द मी अजून गिळू शकलो नाही. जानेवारीत तो पुन्हा पळाला, या वेळी घरी आलाच नाही. तिथल्या पटावर त्याचं नाव तरी वर्षभर होतं असं नंतर कळलं, म्हणजे कागदावर तो शिकतच होता.

तीन वर्षांनी रात्री गावात दलम आलं. मीटिंगला सगळ्यांना बोलावलं, मला पण, नाही म्हणायची सोय नव्हतीच (आणि सकाळी पोलीस विचारणार, रात्री कोण आलं होतं, ते वेगळंच). हिरव्या कपड्यात तो उभा होता, उंच झालेला. त्याच्या हातात मराठीत छापलेलं पत्रक दिलं, ते त्यानं बॅटरीच्या उजेडात वाचलं. जोडाक्षरांवर सुद्धा अडखळला नाही. मग एकेक वाक्य माडियात सांगितलं. दलमला अशा पोराची गरज होतीच ना, वाचणारा, दोन्ही भाषा येणारा! निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, बराबर वाचलो ना?"

मी म्हटलं, "हो." आणि लपवत नाही, मला एक क्षण बरं वाटलं होतं. त्यानंतर तो दिसला नाही.

कुणी म्हणतं तुम्ही नक्षल्यांची बाजू घेता. नाही घेत. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडमध्ये शाळांच्या इमारती त्यांनीच उडवल्या, आणि फौजांनी शाळांत तळ ठोकले म्हणून 2011 ला सुप्रीम कोर्टाला त्या रिकाम्या करायला सांगावं लागलं. तिथली पोरं शाळेबाहेर का, याचं उत्तर युद्ध आहे. तुम्ही कायम उलटंच विचारता. पण तेव्हाचा मी आज भांडायला येतो, म्हणतो, मग काय, बापाचं ऐकून त्याला गुरांमागे सोडायचं होतं? गावात राहिलेली पोरं पण गेलीच की दलममध्ये, आणि त्याच आश्रमशाळेतून एक मुलगी नर्स झाली. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याच्यासह 61 जणांनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हा मी मोबाईलवर तो फोटो मोठा करून करून एकेक चेहरा बघितला. आता तो तेहेतीस-चौतीसचा असेल. ओळखू आला नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या बहिणीचा फोन आला, आता तिकडे टॉवर आलाय. तिची मुलगी यंदा चौथीत आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं शिक्षण हक्क कायद्याचे नियम सांगतात, पण तिच्या गावात अजून चौथीच शेवटची, आणि पुढे तीच आश्रमशाळा. आता तिथं बरं आहे म्हणतात. ती विचारत होती, "गुरुजी, पाठवू का?" मी म्हटलं, दोन दिवस थांब, आधी मी स्वतः जाऊन बघून येतो.