हलगीतला चर्र आवाज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी पुण्यात गाण्यांचं मिक्सिंग करतो. कोल्हापूरकडचा एक विशीतला मुलगा रात्रीच्या एसटीने, पेनड्राइव्ह घेऊन, सकाळीच दारात उभा. गाणं एका मराठी रॅपरचं, बीट म्हणजे रॅपमागचं संगीत याचं. रॅपर आला नव्हता.

त्याला चहा प्यायला पाठवलं आणि हलगीचा ट्रॅक उघडला. पहिली चार सेकंदं नुसती चर्रचर्र, मागे कुणीतरी खोकतंय. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग, म्हणून ते साफ करून टाकलं. ठोके ग्रिडच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या तालाच्या रेषांच्या, मागे पडत होते, कुठे वीस मिलिसेकंद, कुठे तीस. तेही ओढून जागेवर बसवले. शेवटाकडे हलगीचा सूर खाली येत होता, तो सरळ केला. अर्ध्या तासात काम चोख झालं असं मला वाटलं.

मुलगा आला. मान खाली घालून त्याने पूर्ण गाणं ऐकलं.

"सर, हलगी मेली की ओ."

मग हळूहळू बोलता झाला. वाजवणारा त्याचा चुलता. ती चर्रचर्र म्हणजे हलगी तापवायला पेटवलेल्या पाचटाची. कातडं तापलं की आवाज टणटणीत चढतो, आणि पावसाळी हवेत बघता बघता उतरतो. "चढल्याली हलगी आन् उतरल्याली हलगी, दोन्ही पायजेत मला. गाण्यातला माणूस पण शेवटाला थकतोय न्हवं?" त्याने मुद्दाम तुकडे त्याच क्रमाने लावले होते. ठोके मागे पडायचे कारण चुलता मिरवणुकीत चालत वाजवणारा, पाऊल पडलं की मग काठी.

मी सगळं पूर्ववत केलं आणि पुन्हा लावलं. पाचट चर्रचर्रलं, चुलता खोकला, आणि पहिला ठोका जरासा उशिरा येऊन छातीवर बसला. अंगावर काटा आला.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा बीट करणारा जे डिला, त्याच्याबद्दल मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. बीट बनवायच्या एमपीसी यंत्रात ठोके आपोआप सरळ करायची सोय असते. ती बाजूला ठेवून तो त्याच यंत्रावर ड्रमचे ठोके हाताने, किंचित मागेपुढे वाजवायचा. २००६ साली, अवघ्या ३२व्या वर्षी तो गेला. त्याची एमपीसी आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. हे सगळं तोंडपाठ असून माझ्याच टेबलावर आलेला तसाच हात मी सरळ करून टाकला, हे मला फार लागलं.

बीट करणाऱ्याकडे आपलं लक्षच नसतं. २०१५चं 'मेरे गली में' हे रॅप गाणं अख्खं पाठ असलेली किती पोरं भेटतात. तो बीट दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचा, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. या गाण्याच्या पोस्टरवरही मुलाचं नाव नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर." मी राहू दिलं नाही. रॅपरला फोन लावला, नाव येईपर्यंत मिक्स पाठवणार नाही म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी नवं पोस्टर आलं, त्यात नाव होतं. खरं तर ते मागावं लागायलाच नको होतं.

दिवाळीनंतर त्याने नवा फोल्डर पाठवला. यंदा घुमकं आणि कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा. कैताळाच्या मागे कुठेतरी म्हैस हंबरते. ती तशीच ठेवली आहे.