दारफाळणीचा सण

25 सप्टेंबरच्या संध्याकाळी शेजारच्या आजींनी दार वाजवलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, पुन्हा फोडणीचा वास! फेब्रुवारीत त्यावरून आमचं चांगलंच वाजलं होतं. त्यांनी तक्रार केली, मीही चार शब्द ऐकवले आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये नुसतं मान हलवण्यापुरतं नातं उरलं होतं.

आजी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "या वर्षात माझ्या बोलण्यानं तू दुखावली गेली असशील, तर मला माफ कर."

"अहो आजी, काय हे! मी कधीच विसरले ते."

"विसरलीस ते बरंच झालं. पण माफ केलंस का?"

खरं सांगते, 'हो, केलं माफ' एवढं म्हणायला मला फार जड गेलं. ऐंशीच्या घरातली बाई, काठी टेकत माझ्या दाराशी आलेली. वयानं लहान मी, आणि माफी त्या मागत होत्या.

आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, फॉरेस्ट हिल्स भागात राहतो. इथे ज्यू वस्ती भरपूर आहे. त्यांचं नवीन वर्ष, म्हणजे रोश हशाना, आणि प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर हे सण मला सुट्ट्यांच्या यादीतून माहीत होते. मधल्या दहा दिवसांत काय करायचं असतं, ते या प्रसंगानंतर समजलं. देवाचा अपराध केला असेल तर योम किप्पूरच्या प्रार्थनेनं तो धुतला जातो, माणसाचा केलेला अपराध मात्र नाही. त्यासाठी त्या माणसाकडेच जावं लागतं. त्यानं नाही म्हटलं तर पुन्हा, आणि तरीही नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा.

आपल्याकडे जैन मंडळी पर्युषणाच्या शेवटी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकलंय. तेव्हा हे काही जगावेगळं आहे असं मी म्हणणार नाही. पण निरोप सगळ्यांना एकदम पाठवणं वेगळं आणि ज्याच्याशी भांडलो त्याचंच दार वाजवणं वेगळं.

2025 च्या त्या वर्षी आणखी एक गंमत झाली. 22 सप्टेंबरला सकाळी मी घट बसवले आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला रोश हशाना सुरू झाला. दसरा 2 ऑक्टोबरला, योम किप्पूरही 2 ऑक्टोबरला. यात योगायोग तसा थोडाच. त्यांचे महिनेही चंद्रावर चालतात आणि त्यांनाही अधिक मास असतो, 19 वर्षांत 7 वेळा. त्यामुळे त्यांचा तिश्री महिना साधारण निम्म्या वर्षी आपल्या आश्विनाच्या हातात हात घालून येतो. अशा वर्षी त्यांची दशमी ती आपली दशमी. कोजागिरीला त्यांच्या सुक्कोतच्या, म्हणजे मांडवांच्या सणाच्या, मांडवाच्या फांद्यांतून चंद्र दिसतो, आणि 2025 मध्ये तर त्याच रात्री चिनी लोकांचा शरदाचा सण आणि कोरियन लोकांचा छुसोक! हिजरी वर्षात अधिक मास नाही, म्हणून ईद-ए-मिलाद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2023 मध्ये ती 28 सप्टेंबरला, नेमकी अनंत चतुर्दशीलाच आली, तेव्हा मुंबईत मुस्लिम समाजानं आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. 'तुमच्याकडे धर्मावरून सारखी भांडणं' असं इथे कुणी म्हणालं, की मी हे आवर्जून सांगते. ते अर्धवटच ऐकतात, तरी सांगते.

दिवाळीची सुट्टी इथल्या सरकारी शाळांना 2024 पासून मिळते. दसऱ्याची नाही. त्या वर्षी योम किप्पूरमुळे मुलं दसऱ्याला घरी होती, याचा मला झालेला आनंद लपवत नाही.

आजी आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या आधीच प्रार्थनेला निघाल्या. पांढरा झगा, पांढरा स्कार्फ आणि पायात कापडी बूट, कारण त्या दिवशी चामड्याचे घालत नाहीत. नवरात्रात अनवाणी चालणारी माझी आत्या डोळ्यांसमोर उभी राहिली. उपास पंचवीस तासांचा, पाण्याचा थेंबही नाही. आपली हरतालिका तशी निर्जळीच असते, हे मी मनातल्या मनात लगेच जुळवून घेतलं.

आणि मग आठवलं, हा सण तर मराठीतही आहे! आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएली, तेल गाळणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून ज्यांना गावं 'शनिवार तेली' म्हणत, ते योम किप्पूरला 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारं बंद करण्याचा सण. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्यांच्याकडेही त्या दिवशीच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव 'नेइला', म्हणजे दारं मिटणं. ती मिटायच्या आत सगळं उरकायचं.

दसऱ्याला सकाळी साडेआठला, तिकडे संध्याकाळचे सहा वाजले असतील, मी दादाला फोन लावला. गेल्या पितृपक्षात बाबांच्या श्राद्धाला मी आले नाही, फक्त पैसे पाठवले, त्यावरून आमचं बोलणं तुटलं होतं. दोन लहान मुलं, मोजकी रजा, एका दिवसासाठी चोवीस तासांचा प्रवास. मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही. पण पैसे पाठवल्याचं त्याला ज्या सुरात ऐकवलं, तो सूर चुकला होता.

"दादा, सोनं घे."

"सोन्यासारखी राहा." मग थोडं थांबून, "मुलं कशी आहेत?"

श्राद्धाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. आमच्या घरात माफी शब्दांत मागायची पद्धत नाही. बाबांनी कधी आईची मागितली नाही, चिडले की दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी गजरा आणत. सोन्यासारखी राहा, यात सगळं आलंच की. फोन ठेवल्यावर मी स्वतःला असंच समजावत राहिले.

अंधार पडल्यावर आजी परतल्या. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला, म्हणून मुलांनी कागदाची पानं कापून सोनेरी रंगवली होती. धाकटीनं एक त्यांच्या हातावर ठेवलं. ओठ सुकलेले, पाय थरथरत होते, तरी त्यांनी विचारलं, "हे दिल्यावर काय म्हणायचं असतं?"

मी सांगितलं. त्यांनी ते पान प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या भावाशी बोललीस का?"

"बोलले."

"विचारलंस?"

मी मुलीला आत जायला सांगितलं.