हाताच्या मापाचा गादीवाफा

रविवार

गादीवाफ्याची, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्याची, रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नसावी असे सर्वत्र सांगितले जाते. मोठ्या माणसाचा हात दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट सहज पोहोचतो आणि मधले काम करण्यासाठी मातीवर पाय द्यावा लागत नाही, हे त्यामागचे कारण. माती पायाखाली दबली की तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी वरच्यावर साचून राहते आणि कोवळ्या मुळांना वाट सापडत नाही. मग वाफा उंच करून काय मिळवले, असा प्रश्न उरतो. मात्र हे चार फूट मोठ्यांच्या हाताचे आहेत. आज फळ्या कापण्यापूर्वी दोन्ही मुलांना परसात उकिडवे बसवले आणि तोल न जाता हात जितका पुढे जाईल तितका न्यायला सांगितले. धाकट्याचा हात जेमतेम सव्वा फुटावर थांबला आणि त्यावरूनच वाफ्याची रुंदी अडीच फूट ठरली. लांबी आठ फूट आणि उंची एक फूट ठेवली. थोरलीने गुणाकार करून वीस घनफूट माती लागेल असे सांगितले, लिटरमध्ये ते साधारण ५६६ भरतात हेही काढले, आणि दहा लिटरच्या बादलीने किती खेपा होतील हे कळल्यावर भावाकडे अशा नजरेने पाहिले की कामाची वाटणी तिच्या मनात झालेली आहे हे मला कळून चुकले.

मुलांसाठी म्हणून कुंपणाकडेचा, सावलीचा, कोणालाच नको असलेला तुकडा देण्याची पद्धत मला पटत नाही. फळभाज्यांना दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन लागते, आणि ज्या जागी अनुभवी माणसाच्या हातूनही काही पिकणार नाही, तिथे लहान मुलाला बी पेरायला लावणे म्हणजे त्याला निराशेचा धडा देणे होय. म्हणून परसातली सगळ्यांत चांगली, दिवसभर उन्हाची जागा आम्ही या वाफ्याला दिली. वेलांची जाळी उत्तरेच्या कडेला उभी केली आहे, कारण उत्तर गोलार्धात उंच पिके त्या बाजूला असली की त्यांची सावली बुटक्या पिकांवर पडत नाही.

फळ्या नव्या, कोणतेही रसायन न पाजलेल्या लाकडाच्या घेतल्या. जुने रेल्वेचे स्लीपर दिसायला भक्कम असतात, पण लाकूड टिकावे म्हणून त्यांत मुरवलेले क्रिओसोट हे डांबरी रसायन खाण्याच्या पिकांजवळ आणि मुलांच्या हाताशी नको. आर्सेनिकयुक्त द्रावण पाजलेले लाकूडही तसेच. अमेरिकेत घरगुती वापरासाठी त्याचे उत्पादन २००३ च्या अखेरीस बंद झाले, परंतु जुनी फळी कुठून आली आणि तिला काय पाजले होते हे नुसते पाहून ओळखता येत नाही.

तळाशी गवतावर पुठ्ठ्याचे थर पाण्याने भिजवून अंथरले. त्याखाली तण दबते आणि काही महिन्यांत पुठ्ठा कुजून मातीत मिसळतो. वर साधारण निम्मी चांगली माती, त्याहून थोडे कमी पूर्ण कुजलेले कंपोस्ट आणि उरलेला भाग मिश्रण भुसभुशीत ठेवणारा. कच्चे शेणखत मात्र कटाक्षाने टाळले. त्यातले रोगजंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपर्यंत पोहोचू शकतात आणि म्हणूनच अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकांसाठी कच्चे खत आणि काढणी यांमध्ये किमान १२० दिवसांचे अंतर सांगितले आहे. लहान मुले हात न धुता शेंग तोंडात टाकणार हे गृहीत धरूनच माती तयार केलेली बरी.

गुरुवार

पेरणी झाली. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे हा नियम मुलांना एकदा सांगून पुरला, पण जाडी म्हणजे किती हे ठरवताना प्रत्येक बी तळहातावर घेऊन पाहावे लागले. वाटाण्यासाठी बोटाचे एक पेर हे माप धाकट्याने स्वतःच काढले. गाजराचे बी इतके बारीक की ते चिमटीत धरल्यावर किती आले आणि किती सांडले याचा पत्ता लागत नाही. ते कोरड्या वाळूत मिसळून सरीत सोडले आणि वर मातीचा अगदी पातळ थर दिला.

गाजराच्याच सरीत अधूनमधून मुळ्याचे बी टाकले आहे. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, तर गाजर दोन-तीन आठवडे जमिनीखालीच राहते, आणि त्या काळात माती एकदा जरी सुकली तरी उगवण बिघडते. मुळ्याच्या रोपांमुळे सरी कुठे आहे हे दिसत राहते, पाणी नेमके तिथेच पडते आणि गाजराला जागा लागेपर्यंत मुळा काढणीला आलेला असतो. ही युक्ती जुनी आहे, पण मुले सोबत असताना तिची किंमत वेगळीच कळते. लहान मुलाला वाट पाहायला लावायची असेल तर जवळच काहीतरी लवकर घडत असले पाहिजे.

मंगळवार

धाकटा बी उगवले की नाही हे उकरून पाहतो. त्याला रागावण्यात अर्थ नाही, कारण त्याची शंका रास्त आहे; मातीखाली काही घडते आहे याचा पुरावा त्याला कोणी दिलेला नाही. म्हणून काचेच्या बरणीत ओला टीपकागद गुंडाळून, काच आणि कागद यांच्यामध्ये वाटाणे बसवले. वाफ्यातले बी उकरायचे नाही, बरणीतले हवे तितक्यांदा पाहायचे, असा करार झाला. फुगलेल्या दाण्याचे साल फाटून आधी मूळ बाहेर आले, पांढरेशुभ्र, आणि टोकाच्या किंचित मागे कापसासारखी मऊ केसांची झालर. दाणा कोणत्याही अंगावर असला तरी मूळ खालीच वळते हे थोरलीच्या लक्षात आल्यावर तिने बरणी आडवी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुळाचे टोक काटकोनात खाली वळलेले होते. मुळाच्या टोकातल्या पेशींत पिठूळ कण असतात, ते गुरुत्वाकर्षणाने तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खालची दिशा कळते, एवढे मी सांगितले. त्यानंतर बरणी रोज कोणत्या ना कोणत्या बाजूला कलंडलेली सापडते.

शनिवार

विरळणीचा दिवस. परसबागेतले हे एकच काम असे आहे की ज्यात मुले मनापासून विरोध करतात, आणि मला तो विरोध आवडतो. ज्या रोपाला रोज पाणी घातले तेच उपटून टाकायचे, हे मोठ्या माणसाला सवयीने जमते. मुलाला त्याचे कारण द्यावे लागते. दोन रोपांत साधारण दोन इंच अंतर नसेल तर कंद पोसत नाही, हे कारण थोरलीने ऐकून घेतले पण मानले नाही. अखेर तिनेच तोडगा काढला की मुळ्याची निम्मी सरी विरळ करायची आणि निम्मी आहे तशी ठेवायची. रोपे उपटण्याऐवजी कात्रीने जमिनीलगत कापली, त्यामुळे शेजारच्या मुळांना धक्का लागला नाही. कापलेली मुळ्याची कोवळी रोपे वाया गेली नाहीत. धाकट्याने ती धुऊन जागेवरच संपवली आणि तिखट लागतात अशी तक्रारही केली.

त्याच निमित्ताने एक नियम पक्का केला: न विचारता कोणतेही पान तोंडात घालायचे नाही. मुळ्याचे पान खाता येते म्हणून टोमॅटोचेही येईल असे मुलाला वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते तसे नाही.

सोमवार

मुळा निघाला. विरळ केलेल्या भागात गोल, भरलेले कंद आणि शेजारीच न विरळलेल्या भागात पानांचा दाट गुच्छ व खाली सुतळीएवढी मुळे. थोरलीने दोन्हींची मापे घेऊन वहीत लिहिली आणि गाजराची विरळणी स्वतःहून केली.

बुधवार

माती तापल्यावर घेवडा आणि भोपळा लावला होता. घेवडा वर येताना पाहणे हा वेगळाच प्रकार आहे. वाटाण्याची दले, म्हणजे दाण्याचे दोन अर्धे भाग, जमिनीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. घेवडा मात्र मान वाकवून वर घुसतो आणि बीची दोन्ही दले मातीतून ओढत वर आणतो. धाकट्याला वाटले की बी बाहेर फेकले गेले, म्हणून तो ते परत पुरायला निघाला होता.

वाटाण्याच्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडी, आला आहे. त्यातच काळसर, नारिंगी ठिपक्यांची, खवल्याखवल्यांची एक अळी फिरताना दिसली आणि दोघांनीही तीच शत्रू असे ठरवून टाकले. ती ढालकिड्याची (लेडीबर्ड) अळी होती. भिंग देऊन दोघांना समोर बसवले. तिने एक मावा पुढच्या पायांनी धरला, आत जबडा रुतवला आणि थोड्याच वेळात तिथे नुसते रिकामे साल उरले. प्रौढ होईपर्यंत अशी एक अळी शेकडो मावा किडी फस्त करते. फवारणीचा विषय तिथेच संपला.

शुक्रवार

भोपळ्याची पहिली सगळी फुले गळाली म्हणून घरात सुतकी कळा आली. ती नरफुले होती. वेलीवर आधी तीच येतात. मादीफुलाच्या खाली, देठाशी, बोटाच्या पेराएवढा भोपळा आधीच असतो, आणि परागण झाले नाही तर तोही पिवळा पडून गळतो. आज सकाळी पहिले मादीफूल उमलले. ही फुले पहाटे उघडतात आणि दुपारच्या आत मिटतात, त्यामुळे शाळेची घाई असूनही रंगकामाचा मऊ कुंचला घेऊन थोरली वाफ्याशी हजर होती. नरफुलातला पिवळा पराग तिने मादीफुलाच्या मध्यावर अलगद लावला. मधमाश्या येतात, पण पुरेशा येतील याचा भरवसा धरण्याची तिची तयारी नव्हती.

रविवार

उन्हाने वाटाणा संपला. आपण पिकवलेली भाजी मुले आवडीने खातात असे नेहमी सांगितले जाते. माझा अनुभव एवढाच की धाकटा वेलीजवळ उभे राहून मूठभर दाणे खातो आणि तेच दाणे ताटात आले की बाजूला सारतो. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

वेल उपटला नाही, जमिनीलगत कापला, म्हणजे मुळे तिथेच कुजून पुढच्या पिकाला उपयोगी पडतील. एक मूळ मात्र दाखवण्यासाठी उकरले. त्यावर मोहरीएवढ्या आणि त्याहून थोड्या मोठ्या गाठी होत्या. नखाने एक गाठ फोडली तर आतून गुलाबी निघाली. हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणारे जिवाणू या गाठींत राहतात, आणि गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या एका द्रव्याचा असतो. झाडाला रक्त असते का, या प्रश्नावर बराच वेळ गेला.

वाफ्यातली माती दबून चांगली दोन इंच खाली गेली आहे. पुढच्या पेरणीआधी तेवढे कंपोस्ट भरावे लागेल. रिकाम्या जागी काय लावायचे यावर अजून एकमत नाही. धाकट्याला पुन्हा वाटाणाच हवा आहे, पण या उन्हात तो फुलणार नाही, आणि लागोपाठ त्याच जागी तेच पीक नको. थोरली आणखी घेवडा म्हणते. तोही त्याच कुळातला. मी पालकाचे बी काढून ठेवले आहे, तेही ऊन उतरल्यावरच पेरता येईल. गाजरांना अजून वेळ आहे. तयार झाले का हे पाहण्यासाठी आठवड्याला एकच गाजर उपटायचे, आणि ते कोणी उपटायचे हे आळीपाळीने ठरेल, असा निर्णय आज झाला आहे.